काकांची भारी सायकल

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर मला झोप लागणार नाही! आमच्या मिलिंदकाकांना जाऊन महिना झाला, आणि काल त्यांची एक सायकल भंगारात जाता जाता वाचली.

काका म्हणजे इथले, लखनौच्या मानक नगर कॉलनीतले आमचे शेजारी. मूळचे नागपूरचे, रेल्वेत इंजिनियर. नोकरीभर धावत्या डब्यात बसून डबा किती हादरतो ते मोजलं. रिटायर झाल्यावर दोन जुन्या स्टीलच्या माउंटन बाइक आणल्या... लाल पातळ नळ्यांची, हलकी. हिरवी जाड नळ्यांची, चांगली जड. मी म्हटलं, "मग लालच चांगली ना!" तर म्हणाले, "वजनकाट्यावर सायकल चालवते का गं, पोट्टे?" दोन्हींना सारखे टायर, सारखी हवा, सारखी सीट बसवली आणि मला मागच्या गल्लीतल्या खड़ंज्यावर, म्हणजे विटा रचलेल्या खडबडीत रस्त्यावर, पाठवलं. परत येऊन मी म्हटलं, "मस्त!" "मस्त कुठं? मनगटात का कंबरेत?" यार, असं कोण विचारतं! पण दोन फेऱ्यांत मला खरंच कळायला लागलं. पुलाच्या चढावर लाल पळायची, खड़ंज्यावर मात्र नाचायची. हिरवी चढावर दमवायची, पण विटांवरून शांत जायची. काका रोज दोन्ही चालवायचे. निकाल कधीच दिला नाही.

परवा पुण्याहून अभयदादाचा, म्हणजे काकांच्या मुलाचा मेसेज आला. "येतोय. भारी सायकल मी नेतो, दुसरी काढून टाका." भारी म्हणजे जड, लखनौत अजून काय! काकू आणि मी हिरवी पुसून ठेवली, लाल कबाडीवाल्या भैयाच्या ठेल्यावर चढवली. तेवढ्यात दादा ऑटोतून उतरला आणि ओरडला, "अगं थांबव! ती भारी आहे!"

भैया म्हणाला, "नहीं भइया, ये तो एकदम हल्की है। भारी वाली अंदर खड़ी है।"

"भारी म्हणजे एक नंबर!" दादा कपाळावर हात मारून म्हणाला. "तुम्ही मराठी विसरलात!"

"तू पुण्याचा झालास," काकू म्हणाली आणि काका गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "बाबा फोनवर मनगट-कंबर सांगायचे तेव्हा थट्टा करायचास ना? एकदा चालव तरी. दोन्ही."

दादा आधी लाल घेऊन गेला, मग हिरवी. दुसऱ्या फेरीहून आला तो पायरीवरच बसला. डोळे लाल.

"हिरवीवर मनगटात काहीच लागलं नाही गं," मला म्हणाला. "बाबा बरोबर सांगत होते, सायकल वजनकाट्यावर कळत नाही."

"मग हिरवी नेतोस?"

"नाही. एकटी नेऊन कसं कळणार? दुसरी शेजारी लागतेच." काल रात्रीच्या गाडीनं तो रिकाम्या हातानं गेला. दोन्ही सायकली काकूच्या व्हरांड्यात आहेत, आणि आज सकाळी मी दोन्ही चालवल्या, आधी लाल, मग हिरवी, काका करायचे तसंच...

तुमच्याकडेही झालंय का असं? एका शब्दाचा घोळ झाला आणि गेलेलं माणूस तुम्हाला नव्यानं कळलं? सांगा ना!