पहारा बंद नाही

सुनीती कुंटूरकर नांदेडहून हिंजवडीत नोकरीला आली, त्याला सोळा वर्षं झाली होती. आठवड्यातून दोनदाच ऑफिसात जावं लागत असल्याने तिने टॉवरमधला फ्लॅट सोडला आणि माले गावात भातशेती करणाऱ्या हैबतरावांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. बाई काय काम करतात असं कुणी विचारलं, की हैबतरावांच्या पत्नी गोजराबाई सांगत, "दुसऱ्यांनी लिव्हल्यालं वाचती आन् माघारी धाडती." कंपनीतही याहून वेगळं मत नव्हतं.

कॉम्प्युटरच्या अगदी मुळाशी जो प्रोग्रॅम चालतो त्याला कर्नल म्हणतात. त्यात कुणी बदल केला की तो आधी सुनीतीच्या नजरेखालून जाई. ओळीच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा तिला खड्यासारखी टोचायची.

त्या महिन्यात एका चिपमध्ये खोट सापडली. चिप पुढचं काम अंदाजाने आधीच उरकून ठेवी आणि त्या घाईत एका प्रोग्रॅमची गुपितं दुसऱ्याला दिसत. त्यावर पहारा बसवणाऱ्या साठ ओळी दिग्विजय नावाच्या हुशार, तापट मुलाने चार दिवसांत लिहिल्या. सुनीतीने त्या आठ वेळा परत पाठवल्या. इथे ओळ आत सरकवायला टॅब हवा. ही टीप अर्धवट आहे. आठव्या खेपेला तिने लिहिलं, 'या नावात दोन नकार आहेत. बदला.'

शनिवारी सकाळी दिग्विजय मोटारसायकल घेऊन थेट माल्यात हजर झाला. हेल्मेट हातात, चेहरा लाल.

"मॅडम, चिपला भोक पडलंय आणि तुम्ही नावं काय बदलायला लावताय? मनीष सर रोज विचारतात!"

मनीष हा दोघांचाही साहेब. सुनीती शांतपणे म्हणाली, "विचारू देत. नाव वाईट आहे."

आवाज ऐकून हैबतराव ओट्यावर आले. गावातली भांडणं मिटवायची त्यांना सवय होती. "बसा दोगं बी. गोजरा, च्या टाक. काय झालं?"

"काका, कर्नलचं काम अडलंय यांच्यामुळे."

हैबतराव ताठ बसले. "मिलिटरीचं हाय व्हय? मग दमानं सांगा."

मिलिटरीचं नाही हे समजावण्यात पहिला कप संपला. मग दिग्विजय म्हणाला, "आम्ही एक खूण ठेवलीय. तिचं नाव 'पहारा बंद नाही'. खूण खरी असली की पहारा चालू."

"आन् खोटी असली की?"

"की... पहारा बंद नाही, असं नाही."

"म्हंजी बंद न्हाई, न्हाई. मग चालू का बंद?"

"बंद."

"मग तवा तुमचं यंत्र काय करतंय?"

"जुन्या चिपवर खूण खोटीच राहते. मग यंत्र बाकीच्या तपासण्या सोडून देतं आणि सांगतं, की सगळं..." दिग्विजय थांबला. त्याने लॅपटॉप काढून मांडीवर उघडला. ओळीवर बोट ठेवलं, ओठांतल्या ओठांत नकार मोजले, पुन्हा मोजले. गोजराबाईंनी पुढे केलेला दुसरा कप तसाच हवेत राहिला.

"मॅडम," तो बारीक आवाजात म्हणाला, "मी नकार उलटा मोजला. जुन्या चिपवर पहारा बंद आहे, आणि आपण 'सुरक्षित' असं छापतोय."

सुनीतीने लॅपटॉप ओढून घेतला. खरंच होतं. आठ वेळा वाचूनही तिला ते दिसलं नव्हतं!

"तुम्हाला हे कळलं होतं, म्हणून नाव बदला म्हणालात ना?" दिग्विजयने आता भक्तिभावाने विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. हैबतरावही कौतुकाने बघत होते.

"नाही रे," ती म्हणाली. "कानाला खटकलं, एवढंच."

"मग बाईचा कान चांगला हाय," गोजराबाईंनी निकाल दिला आणि कप एकदाचा त्याच्या हातात कोंबला.

दुपारपर्यंत दोघांनी ओट्यावरच बसून नाव 'पहारा चालू' असं केलं, चूक दुरुस्त केली, आणि नवव्या खेपेला सुनीतीने मंजुरी दिली. सोमवारी मनीषने सगळ्यांना पत्र पाठवून तिच्या तीक्ष्ण नजरेची स्तुती केली. आपल्याला ती चूक दिसली नव्हती, ती एका भात लावणाऱ्या काकांच्या प्रश्नामुळे सापडली, असं तिने उलट कळवलं. ऑफिसात सगळ्यांनी तो तिचा विनय मानला. पुढे दोनतीन दिवस तिने जुनी मंजूर केलेली कामं काढून, मोठ्याने वाचत पुन्हा तपासली.

दिग्विजय मात्र पार सुधारला. पुढच्या कामात त्याने एका खुणेला असं सविस्तर नाव दिलं, की ते एका ओळीत मावेना. सुनीतीने ते वाचलं, समाधानाने मान हलवली आणि परत पाठवलं.