शाबासबाईंची चूक

त्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बायका त्यांना शाबासबाई म्हणत. गरोदर बाई वजनकाट्यावर चढली आणि काटा पुढे सरकला की नर्सबाईंचं ठरलेलं, "वाढलं? शाबास!" रक्त वाढलं, शाबास. पोटाचा घेर वाढला, शाबास. जिचं काहीच वाढलं नसेल तिच्या नवऱ्याला बोलावून त्याची अशी बिनपाण्याने करत, की तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून आपल्या ताटातलं अंडं बायकोच्या ताटात सरकवायचा. वीस वर्षं हे चाललं होतं. आपल्यासारखं समजावून सांगणं कुणाला जमत नाही, असा बाईंचा ठाम समज होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी म्हणजे भाजीवाल्या मावशी. सुनेला दिवस गेल्यापासून हातगाडीवरची ताजी पालेभाजी आधी घरी आणि मग गिऱ्हाइकाला, असा मावशींचा नियम. तपासणी सुनेची व्हायची, शाबासकी मात्र मावशी घेऊन जायच्या. सून मागे उभी राहून हसायची.

आठव्या महिन्यात सुनेचं डोकं सारखं दुखायला लागलं. मावशींनी तिला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे नेलं. त्याने दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजलं, आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि म्हणाला, बरंच वाढलंय, दाखवून घ्या. मावशींनी दाखवलं. शेजारणीला दाखवलं, विहीणबाईंना दाखवलं, भाजी घ्यायला येईल त्याला दाखवलं. अख्ख्या गल्लीत एवढं प्रेशर कुणाच्याच सुनेचं नव्हतं. तपासणीचा सोमवार यायला पाच दिवस होते, तेवढ्यात चिठ्ठी हाताळून हाताळून मऊ पडली.

सोमवारी मावशींनी ती बाईंपुढे ठेवली आणि शाबासकीची वाट पाहत उभ्या राहिल्या. बाईंनी आकडा वाचला. सुनेच्या पायावर अंगठा दाबला, तर पडलेला खड्डा भरून येईना. पट्टा बांधला, तर आकडा चिठ्ठीपेक्षाही वर. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी इंजेक्शन दिलं, मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली आणि मग मावशींना फैलावर घेतलं. पाच दिवस झोपा काढत होतात का? झटका आला असता तर पोर आणि बाळ, दोघंही हातची गेली असती.

मावशी बावरल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्हीच तर सांगता ना, वाढलं की चांगलं."

बाकावर बसलेल्या साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. एवढं साधं कुणाला सांगायला लागतं, असं धरून बाईंनी वीस वर्षं काढली होती.

"मी चुकले, मावशी," त्या म्हणाल्या. "प्रेशर वाढलेलं वाईट. हे मी कधी सांगितलंच नाही."

त्याच दुपारी पोट फाडून मुलगी काढली. दोन किलोसुद्धा भरली नाही. सुनेचं प्रेशर उतरायला चार दिवस लागले आणि ते चारही दिवस बाई ड्यूटी संपली की तिच्या खाटेशी जाऊन बसत होत्या. मावशी तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बाईंना त्याचं फार वाईट वाटलं, पण त्यांनी मावशींना दोष दिला नाही. चौथ्या दिवशी मावशींनी बाळ उचलून बाईंच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा बाई सगळ्यांदेखत रडल्या.

बाळंतीण सावरली तशी मावशींनी दर सोमवारी हातगाडी नवऱ्यावर सोपवून केंद्राच्या पायरीवर ठाण मांडलं. येईल तिचा पाय धरायचा आणि अंगठा दाबून बघायचा. बाईंनी दोनदा कुरकुर केली, की बायका तपासणीला येतात की पाय चेपून घ्यायला? मावशींनी ऐकलं असेल तर शपथ.

एका सोमवारी एका किडकिडीत पोरीच्या पायावर मावशींचा अंगठा थबकला; खड्डा भरून येईना. पुढे वीस जणींची रांग. मावशींनी पोरीचं मनगट धरलं आणि तिला सगळ्यांच्या पुढे नेऊन उभं केलं.

"बाई, वजन राहू दे. आधी हिला घ्या."

बाईंनी पट्टा उचलला, आणि मावशी कुणी सांगायच्या आत गाडी बोलवायला धावल्या.