सायोकोदींचं आडनाव

सायोकोदींना नात्याने हाक मारायला आवडत नसे, आणि कोलकात्यात तर नात्यावाचून पान हलत नाही. डमडमच्या आमच्या इमारतीत मी सगळ्यांची करंदीकर बौदी, म्हणजे वहिनी. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्या सगळ्यांच्या माशिमा, म्हणजे मावशी. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेल्या या जपानी बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघींना जिन्यात थांबवलं आणि पुस्तकी बंगालीत विचारलं, "तुमची स्वतःची नावं काय?" मी वृंदा म्हटलं. आई म्हणाल्या, "माझं कुठलं सांगू? माहेरचं द्वारका, लग्नात ठेवलेलं इंदुमती." बाईंनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली आणि लग्नात नाव बदलतात म्हणजे नक्की काय करतात ते उभ्या उभ्या विचारून घेतलं. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "आणि त्या तांदळाचं पुढे काय होतं?" आईंना इतक्या वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. "भात केला असेल," त्या म्हणाल्या.

सायोको तानिमुरा या ओसाकाकडच्या एका विद्यापीठात साहित्य शिकवत. बायकांनी लिहिलेली आत्मचरित्रं आणि कादंबऱ्या हा त्यांचा विषय, आणि बंगालीतून जपानीत अनुवाद हे त्यांचं खरं काम. दरवर्षी पाच-सहा महिने त्या इथे येऊन राहत. बारीक कापलेले पांढरे केस, पुरुषी शर्ट, पायात कापडी बूट. बंगाली त्या जुनी पुस्तकं वाचून शिकल्या होत्या, त्यामुळे बाजारातला मासेवाला म्हणायचा, ही दीदी माझ्या पणजोबांच्या भाषेत इलिश मागते. पुढे आमचं बोलणं बंगालीतूनच होत राहिलं. सासूबाईंची बंगाली जन्माची इथली, माझी लग्नानंतर शिकलेली. आम्हा तिघींत व्याकरण फक्त सायोकोदींचं बरोबर असे, आणि त्यांचंच कोणाला कळत नसे.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. एखादं प्रकरण जपानीत झालं, की ते त्या मला तोंडी, साध्या बंगालीत सांगत. मी ऐकायचं आणि कामाला लागायचं. आठ-दहा दिवसांनी त्या अचानक वर येत आणि म्हणत, "आता तू सांग." मी बँकेतून दमून आलेली, डोक्यात दिवसभराची कर्जप्रकरणं. आठवेल तेवढं सांगायची. माझ्याकडून जे सुटलं असेल तिथे त्या पेन्सिलीने खूण करत. "तू विसरलीस म्हणजे मी नीट केलं नाही," असं त्यांचं शास्त्र. मी सांगून पाहिलं, की अहो, मी विसराळूच आहे, गॅसवर दूध ठेवून विसरते. त्यावर त्या म्हणाल्या, दूध कंटाळवाणं असतं. आई मात्र काही विसरत नसत, उलट पदरची भर घालत. तिथेही खूण व्हायचीच, फक्त वेगळ्या रंगाची.

अनुवादाविषयी त्यांचं एक वाक्य मला अजून आवडतं. "अनुवाद करणारी बाई शेजारणीसारखी असावी. तिला त्या घरातलं सगळं माहीत असतं, पण ती त्यांची भांडी जागची हलवत नाही." हे त्या नुसतं बोलत नसत. एका कादंबरीत नायिकेला शेवटपर्यंत नाव नव्हतं. सगळे तिला मेजोबौ, म्हणजे मधली सून, एवढंच म्हणतात. तोक्योच्या प्रकाशकाने कळवलं, की आमच्या वाचकांचा गोंधळ होईल, एखादं सोपं नाव द्या. यांनी साफ नकार दिला आणि पुस्तक दोन-तीन वर्षं अडून राहिलं. शेवटी त्या मला घेऊन हावड्याला त्या लेखिकेच्या घरी गेल्या. लेखिका खूप म्हाताऱ्या, कानाने अधू. मोठ्याने विचारलं, की मेजोबौचं नाव का नाही? त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "नाव? द्यायचं राहिलंच की. त्या घरात तिला कोणी नावाने बोलावत नव्हतं ना, मलाही सुचलं नाही." सायोकोदी इतक्या खूश झाल्या, की परतीच्या फेरीबोटीत त्यांनी तीन वेळा चहा घेतला. पुस्तक नाव न देताच निघालं.

नावाच्या या प्रकरणावरून आमचे खटके उडत. माझं म्हणणं सरळ होतं. लग्नानंतर मी करंदीकर झाले, दोन अर्ज केले, बँकेतली पाटी बदलली, झालं. त्याने माझा पगार घटला नाही की अक्कल घटली नाही. शिकलेल्या बायकांनी डोकेफोड करावी असे यापेक्षा मोठे प्रश्न जगात आहेत. त्या शांतपणे ऐकून घेत आणि एवढंच विचारत, "तुला कोणी विचारलं होतं का?" मी म्हणायची, विचारलं असतं तर होच म्हटलं असतं. "मग विचारायला काय हरकत होती?" इथे आमचा वाद दर वेळी थांबायचा, कारण तोवर आई खायला काहीतरी घेऊन येत.

त्यांच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट आम्हाला बऱ्याच उशिरा कळली. जपानात नवरा-बायकोचं आडनाव कायद्याने एकच असावं लागतं. कोणाचं, ते दोघांनी ठरवायचं. पण जातं ते बहुधा बायकोचं. मासाओ ओगाता नावाच्या भूगोलाच्या शिक्षकाशी लग्न करून या कागदोपत्री सायोको ओगाता झाल्या. तोवर त्यांचे लेख तानिमुरा नावाने छापलेले होते. विद्यापीठात एक नाव, पुस्तकावर दुसरं, पासपोर्टवर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेलं. काही वर्षं ओढाताण सोसून दोघांनी कचेरीत जाऊन रीतसर घटस्फोट घेतला, बाहेर पडून एका टपरीवर नूडल्स खाल्ल्या आणि एकाच घरी परत गेले. पुढे तीस वर्षं तसेच राहिले. आईंनी यावर निकाल दिला, की लग्न करून भांडणाऱ्यांपेक्षा घटस्फोट घेऊन नांदणारे बरे.

मासाओ हिवाळ्यात महिनाभर येत. उंच, अबोल माणूस. बंगालीचं एक अक्षर येत नव्हतं, पण आमच्याकडे जेवले की उठून स्वतःचं ताट घासायचे, आणि आईंनी कितीही हातवारे केले तरी ऐकायचे नाहीत. बायको लिहीत बसली की हे फेरीबोटीने उगाच हुगळी ओलांडून परत येत. त्यांच्याविषयी मला याहून जास्त काही सांगता येत नाही. इमारतीतल्या बहुतेकांना तर ते कधी आले आणि कधी गेले तेही कळत नसे.

एका फाल्गुनात सकाळी सायोकोदी वर आल्या आणि खुर्चीत बसल्या. तिकडे जपानात मासाओ घरी कोसळले होते, शेजाऱ्यांनी इस्पितळात पोचवलं होतं. पोटात गाठ होती. शस्त्रक्रिया करायची की नाही, ते लगेच ठरवायचं होतं. पण फोनवर डॉक्टर यांच्याशी बोलायला तयार नव्हते. सही आणि सल्लामसलत फक्त कुटुंबाशी, आणि कुटुंब म्हणजे दूर उत्तरेकडे राहणारा एक भाऊ, ज्याची नि त्यांची वडिलांच्या अंत्यविधीनंतर गाठही पडली नव्हती. "मी म्हटलं, आम्ही तीस वर्षं एका घरात राहतो," सायोकोदींनी सांगितलं. "इस्पितळातली फोनवरची मुलगी फार नम्र होती. म्हणाली, म्हणजे आपण त्यांच्या परिचित."

उपाय एकच होता आणि तो त्यांना माझ्याआधी सुचला होता. पुन्हा लग्नाची नोंद करायची. म्हणजे दोघांपैकी एकाने आडनाव सोडायचं. मासाओंचं पेन्शन, विमा, घर, सगळं ओगाता नावावर; आजारी माणसाला यातलं काही बदलायला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी सोडते, त्या म्हणाल्या. आईंनी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "एवढं जपलेलं नाव, वाईट वाटतंय का गं?"

"हो," सायोकोदी म्हणाल्या. "फार वाटतंय."

विमानतळावर त्यांना मीच सोडलं. निघताना त्यांनी दारावरची बंगाली अक्षरातली पाटी पाहिली आणि म्हणाल्या, परत येईन तेव्हा ही बदलावी लागेल. मला त्यांची दया आली. नावाला एवढं महत्त्व दिलं नसतं तर आज सोडताना इतकं जड गेलं नसतं, असंही वाटलं. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

मासाओ गेल्याचं उन्हाळ्यात कळलं. सायोकोदी आल्या त्या दुर्गापूजेनंतर, घर रिकामं करायला. ती त्यांची शेवटची फेरी. दारावरची पाटी तीच होती. मला वाटलं, नोंद करायला वेळच मिळाला नसावा. त्या चहाला वर आल्या तेव्हा मी तसं विचारलं.

त्यांनी सांगितलं, की त्या पोचल्या तेव्हा अर्ज भरून तयार होता. मासाओंनी बिछान्यात बसून स्वतः भरला होता, अक्षर हललेलं होतं. पती-पत्नीचं आडनाव यापुढे कोणतं, या प्रश्नाखाली दोन चौकोन असतात. त्यांनी बायकोच्या आडनावापुढच्या चौकोनात खूण केली होती. या भांडल्या. तुमचं सगळं आयुष्य त्या नावावर आहे, म्हणाल्या. ते म्हणाले, "माझं नाव कुठे छापलेलं आहे? मला काय फरक पडतो?"

"वृंदा, हे वाक्य मी प्रत्येक बाईच्या तोंडून ऐकलंय," सायोकोदी म्हणाल्या. "तुझ्याही. पुरुषाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माझ्यासाठी."

अर्ज दाखल झाला. डॉक्टर बोलू लागले, सह्या झाल्या, शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. काही आठवडे मिळाले. बिछान्याला, औषधांना, मनगटावरच्या पट्टीला, सगळीकडे नवं नाव लागलं. शेवटी शेवटी नर्स येऊन "तानिमुरा-सान, तानिमुरा-सान" अशा हाका मारायची आणि ते डोळे उघडत नसत. शुद्ध गेली असं ठरलं. सायोकोदी तरुणपणापासून त्यांना आडनावानेच हाक मारत आल्या होत्या. त्यांनी वाकून कानाशी "ओगाता-सान" म्हटलं, आणि मासाओंनी लगेच डोळे उघडले.

"तिकडे मैत्रिणी म्हणतात, सायोको जिंकली," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यभर एवढंच मागत होते, की कोणाचंच जायला नको."

आई पदराने डोळे पुसत होत्या. मी इतकी वर्षं या बाईशी वाद घातला होता, आणि त्यांचं म्हणणं मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. ते पटायला एका पुरुषाचं नाव जावं लागलं, याची मला आजही लाज वाटते.