तेलाच्या वाटेतला अडथळा

मोठीच्या बोलण्याला वळसा नव्हता. तिच्या गॅरेजात गिऱ्हाईक म्हणालं, "जरा कुरकुर येते," की ती विचारायची, "गाडीतून की घरातून?" अशा बाईची वाचा बसावी, असं त्या आठवड्यात तिच्या धाकट्या भावानं केलं. घाटातल्या शर्यतीत त्याच्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा, जळला आणि त्यानं सगळं खापर बहिणीवर फोडलं. तू बसवलास, तूच बिघडवलास, म्हणाला. आता नवा बसव, पण हाही गेला तर गाडी दुसऱ्या गॅरेजात नेतो.

गाडी दोघांनी भंगारातून उभी केली होती. ती बांधायची, तो चालवायचा. मोठीला गाडी जायची भीती कमी आणि भाऊ तुटायची जास्त होती.

नवा टर्बो निवडण्यावरूनही दोघांचं वाजलं. धाकट्याला मोठ्यात मोठा हवा होता. मोठीनं समजावलं, की टर्बो फिरतो तो इंजिनाच्या धुरावर. आपलं इंजिन लहान, त्याच्या धुरानं एवढं चाक फिरायला लागेल तोवर वळण मागे पडलेलं असेल. वरातीमागून घोडं आणून करायचं काय? शेवटी तिनं दुसऱ्या कंपनीचा, इंजिनाला झेपेल असा मधल्या आकाराचा टर्बो आणला. जुनं गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसते ती पातळ पट्टी, त्याच्यावर ठेवून पाहिलं, तर बोल्टची भोकं जुळली. तेलाच्या नळीचं तोंड तेवढं जुळेना, म्हणून लेथवाल्याकडून मधला तुकडा करून घेतला.

बसवायच्या आधी तिनं जळका टर्बो खोलला. तेल आत येतं त्या बारीक भोकात निळ्या रबरासारखा एक कण अडकला होता. गळती थांबवायला सांध्याला लावतात ती गॅस्केट पेस्ट! तिथे नुसता तांब्याचा वॉशर लागतो. मोठीनं तिथे पेस्ट जन्मात लावली नव्हती.

मग लावली कुणी, हे शोधायला फार लांब जायला नको होतं. हात थरथरायला लागल्यापासून अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, काम सोडलं होतं. पण दिवसभर ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसत. सांधा दिसला की पेस्ट लावायची, हा त्यांचा जुना शिरस्ता. जुन्या इंजिनांना तो चाललाही. शर्यतीआधी तो सांधा ओलसर दिसला असणार आणि लेकीच्या कामाला हातभार म्हणून म्हाताऱ्यानं मायेनं बोट फिरवलं असणार. जास्तीची पेस्ट आत गेली, तेल अडलं आणि कोरडा फिरून टर्बो जळला.

भावाला एक फोन केला असता तर मोठी सुटली असती. पण धाकटा तापट, त्यानं अण्णांना गॅरेजची पायरी चढू दिली नसती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. तिनं हात पुसले. मग अण्णांच्या शेजारी बसून तिनं तो कण त्यांच्या तळहातावर ठेवला.

"अण्णा, तेल अडलं होतं."

अण्णांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि मूठ मिटली. मोठी कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला तेव्हा टर्बो बसला होता. टर्बोत तेल पोचतंय का ते पाहायला मोठीनं इंजिन पेटू न देता नुसतं फिरवून घेतलं. टर्बोखालच्या नळीतून तेलाची धार लागली, तशी ती नळी जोडायला वाकली. तेवढ्यात अण्णा खुर्चीवरून उठले.

"मागचा टर्बो तिनं नाही जाळला," ते मुलाला म्हणाले. "मी जाळला. पेस्ट मी लावली होती."

धाकट्याचा चेहरा पडला. रागवायला तो जन्मापासून तयार, पण थरथरणाऱ्या त्या हातांकडे पाहून त्याला राग येईना. त्यानं अण्णांना धरून खुर्चीवर बसवलं आणि बहिणीकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"कालपासून."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू त्यांना घरी बसवलं असतंस."

मोठीनं राहिलेली नळी जोडली आणि गाडी चालू केली. धूर नाही, खडखड नाही, एका लयीत चालली. तिला रडू आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. उतरून तिनं धाकट्याला जागा करून दिली, तर तो वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला.

"घाटात आज तू ने."

शर्यतीची गाडी आपण कधी चालवलेली नाही, असं ती म्हणाली.

"मग हळू ने," तो म्हणाला आणि त्यानं पट्टा लावला.