कांद्याच्या गोडाऊनमधलं लाकडी फ्लोअर

माझी सारी नोकरी सहकारी बँकेच्या कर्जविभागात गेली. अर्ज वाचता वाचता माणूस कुठे बुडणार ते मला दिसतं, असा माझा समज होता आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. त्यामुळे बायकोने आमचा फ्लॅट तारण ठेवून बॅडमिंटनचा हॉल काढायचं ठरवलं, तेव्हा मी तिला स्पष्टच सांगितलं, "हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता."

"म्हणूनच दुसऱ्या बँकेत दिलाय," ती म्हणाली. "तुम्ही फक्त सही करा."

फ्लॅट दोघांच्या नावावर होता. मी सही केली. 

तोवर ती एका सोसायटीच्या हॉलमध्ये, फरशीवर मुलांना शिकवायची. फरशीवर उड्या मारून मुलांचे गुडघे दुखायचे आणि ते तिला फार लागायचं. मार्केट यार्डाजवळ कांद्याचं एक जुनं गोडाऊन तिला भाड्याने मिळालं. छत उंच होतं, एवढाच त्याचा गुण. कर्जाचे बहुतेक पैसे तिने लाकडी फ्लोअरमध्ये घातले. भिंतींना रंग द्यायलाही काही उरलं नाही. उन्हं तापली की कांद्याचा वास सुटायचा आणि पालक नाकाला रुमाल लावून विचारायचे, "मॅडम, भजी कधी मिळणार?" मुलं मात्र बूट काढून मोज्यांवर त्या फ्लोअरवरून उगाच घसरत जायची. ती ओरडायची, पण चेहरा खुललेला असायचा.

हॉल कसाबसा भरायला लागला. आता ही जरा दम खाईल असं मला वाटलं, तर तिने एक प्रशिक्षक नेमला. तिशीतला, अमरावतीकडचा, राज्य पातळीवर खेळलेला. तिच्या हातात जे उरायचं त्यापेक्षा त्याचा पगार जास्त.

"अगं, हप्ता कशातून भरणार?" मी ओरडलोच.

"माझी मुलं जिल्ह्यापर्यंत जातात आणि तिथेच अडकतात," ती म्हणाली. "कारण त्यापुढचं मलाच येत नाही."

स्वतःच्या धंद्याबद्दल इतकं खरं बोलणारा कर्जदार मी बँकेत कधी पाहिला नव्हता. तोंडाने कुरकुर चालूच ठेवली, पण मनातून मी तिला मानायला लागलो.

संध्याकाळी ती त्याच्या बॅचमध्ये शाळकरी मुलांच्या रांगेत शेवटी उभी राहायची. तोही भीड न ठेवता झापायचा, "मॅडम, पाय उशिरा हलतोय." एकदा एका पालकाने खोचकपणे विचारलं, "म्हणजे आता फी कोणी कोणाला द्यायची?"

"मी सरांना देते, तुम्ही मला द्या. तुमची मागच्या महिन्याची राहिलीय."

हळूहळू आमची मुलं राज्य स्पर्धांपर्यंत पोचली. आणि मग ज्याची मला पहिल्यापासून धास्ती होती तेच झालं. गेल्या दिवाळीनंतर तो प्रशिक्षक घरी आला. चहाला हात लावेना. त्याला स्वतःचा हॉल काढायचा होता, बिबवेवाडीत, आमच्या हॉलपासून चालत जाता येईल इतक्या जवळ. बँक जामीनदार मागत होती.

"पुण्यात माझं दुसरं कोणीच नाही, मॅडम."

कोणालाही जामीन राहू नका, हे मी आयुष्यभर लोकांना फुकट सांगत आलोय. अर्धी मुलं याच्यामागे जाणार, आमचे हप्ते तर अजून संपायचेत. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "फ्लोअर कसलं टाकणार?"

"सध्या फरशीच ठेवतो, वर मॅट. लाकूड बजेटमध्ये बसत नाही."

"मुलांचे गुडघे जातील. असं करा, कर्ज वाढवून मागा आणि लाकडी टाका. मग आणा कागद, मी सही करते."

त्याने खाली मान घालून थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. मला माझ्या बढतीच्या दिवशीही इतका अभिमान वाटला नव्हता, आणि इतकी भीतीही.

काही दिवसांनी तो वाढलेल्या आकड्याचे कागद घेऊन आला. आमचं घर अजून तारणच होतं. मी उठलो आणि तिला पेन आणून दिलं.