मधला चेंडू

आमरसाच्या चौथ्या वाटीनंतर माणूस झोपत नाही, झोपच येऊन त्याला घेऊन जाते. सौमित्र आतोबांच्या दिवाणावर आडवा झालाय. शेजारी रॅकेट आहे, जुनी ग्रिप सोलून काढलेली, मूठ उघडी पडलेली. नवी ग्रिप हातात. पाच वाजता फायनल. आता गुंडाळतोच, असं तो पुन्हा एकदा ठरवतो आणि डोक्यावरचा पंखा हळूहळू दुसऱ्याच कुणाच्या घरात फिरायला लागतो.

फ्रिजवर टेनिस क्लबचा फिरता चषक आहे, ‘कौटुंबिक दुहेरी’चा. चषकावर बेबीआत्याची पांढरी टोपी. आत्या दिवाळीत गेली. तेव्हापासून आतोबा सकाळी दूध तापवताना चषकाला म्हणतात, "आज जरा उशीरच झाला हं." चषक काही बोलत नाही. आत्याही चहाआधी बोलायची नाही, त्यामुळे आतोबांचं ठीक चाललंय.

आज हरलं की चषक भोसेकर बंधूंच्या घरी. आणि हरायची चोख व्यवस्था सौमित्रच्या फोरहँडने करून ठेवली आहे. सेमीफायनल कशीबशी निघाली, पण दोघांच्या मधून आलेला प्रत्येक चेंडू त्याने नेटमध्ये घातला. आत्याच्या जागी उतरलेले आतोबा दर वेळी म्हणाले, "छान प्रयत्न." ते जास्त लागलं.

"उठू नकोस," बेबीआत्या म्हणते. "झोपेत जरा बरा खेळतोस."

ती पायथ्याशी बसलीये आणि डाव्या हाताने त्याची ग्रिप गुंडाळतेय.

"आत्या, तू गेलीस ना?"

"गेले की. पण तुझी सेमीफायनल तिकडेही दिसली रे सोम्या. लोक विचारत होते, भाचा का तुमचा? म्हटलं, छे, शेजारचा आहे."

दिवाणाखाली लाल माती आहे. कोर्टाच्या रेषा रांगोळीने काढल्यात आणि नेटची दोन टोकं दोन मामांनी धरलीयेत, म्हणजे तो अंतरपाटच आहे. पलीकडून चेंडू येतो, बरोब्बर मधून. सौमित्र थांबतो. चेंडू निघून जातो. मागच्या खुर्चीतल्या एक आजी तो झेलतात आणि अक्षतांबरोबर पर्समध्ये ठेवून देतात.

"पुन्हा," आत्या म्हणते. "आणि या वेळी नुसता हात नको, खांदा वळव."

तो खांदा वळवतो तर हातात रॅकेट नाही, मठ्ठ्याचा जग आहे. पंगत बसलीये. भोसेकर बंधू पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, वाट्या पुढे करून. सौमित्र चालत जातो, वाटी मागे पडते आणि मग तो ओततो. धाकट्या भोसेकरांच्या मांडीवर.

"छान प्रयत्न," धाकटे भोसेकर म्हणतात.

"बघितलंस?" आत्या म्हणते. "वाटी पुढे असताना ओतलं तर मठ्ठा, मागे गेल्यावर ओतलं तर मांडी. फोरहँडचं वेगळं काय असतं? चेंडू अंगाच्या पुढे असतानाच गाठायचा."

"माहीत आहे गं. उशीर होतो."

"का होतो?"

सौमित्र विचार करतो. पंगतही जेवायची थांबते.

"तू ‘माझा!’ म्हणशील, म्हणून थांबतो."

आत्या डावखुरी, तो उजव्या हाताचा. शेजारी उभे राहिले की दोघांचेही फोरहँड मध्येच यायचे. पण मधला प्रत्येक चेंडू आत्या घ्यायची, "माझा!" असं ओरडून, की रस्त्यावरचा भाजीवालाही दचकून मागे सरायचा. इतकी वर्षं सौमित्र त्या हाकेपुरता थांबत आलाय. हाक गेली. थांबणं राहिलं.

आत्याचा गुंडाळणारा हात थबकतो. "अरे वेड्या, मी हावरट होते म्हणून घ्यायचे. तुला येत नाही म्हणून नव्हे."

"आणि चषक गेला तर? आतोबा रोज..."

"जाऊ दे की! ते काय माझं डोकं आहे? कान बघितलेस त्याचे? टोपी मात्र भोसेकरांना द्यायची नाही."

पंगतीवरून एक चेंडू येतोय. हापूसच्या रंगाचा, निवांत. मधून. सौमित्र आत्याकडे बघतो. आत्या तोंड मिटून उभी आहे. आयुष्यात, आणि त्यानंतरही, पहिल्यांदाच. त्याचा आवाज आमरसात रुतलाय. तो खांदा वळवतो. चेंडू अजून पुढेच आहे, अजून पुढेच...

"माझा!"

"हो रे, तुझाच," दारातून आतोबा म्हणतात. त्यांच्या हातात चहाचे दोन कप आहेत. "माझा बिनसाखरेचा आहे."

सौमित्र उठून बसतो. रॅकेट मांडीवर आहे, ग्रिप गुंडाळलेली, शेवटची पट्टी नीट चिकटवलेली. तो मूठ धरतो आणि तळहाताला ग्रिपच्या कडा टोचतात. वेढे उलटे आहेत.

आतोबा चहा खाली ठेवतात. मुठीवरून अंगठा फिरवतात, एकदा वर, एकदा खाली.

"डावखुरी माणसं अशी गुंडाळतात," ते म्हणतात. बराच वेळ अंगठा उचलत नाहीत. "बदलायची का?"

"नको. टोचेल तेवढी जाग राहील."

आतोबा फ्रिजवरून चषक उतरवतात. फायनलआधी तो कोर्टावर न्यावा लागतो. त्याच्यावरची टोपी काढून ते स्वतःच्या डोक्यावर चढवतात. टोपी त्यांना घट्ट होते. ते ती काढत नाहीत.

"आतोबा, मधून आला तर..."

"कळलं. झोपेतसुद्धा तेच सांगत होतास."