जिनिंगच्या ऑफिसातला हीटर

तेलगावकडच्या एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये मी हिशेबाला होतो, आमच्या घरातला पहिला बी.कॉम. तिथल्या मॅनेजरसाहेबांना थंडी अजिबात सोसत नसे. त्यांनी औरंगाबादेहून लाल दांड्यांचा नवा हीटर आणवला आणि टेबलापाशी ठेवला. येईल त्याला ते कौतुकानं सांगत, "ह्यो हवा तापवत न्हाई, सरळ माणूस तापवतो."

दाराबाहेर कापसाचे ढीग आणि हवेत उडणारे तंतू. मी आगीचं काही बोललो की साहेब हसत, "लई भेतो बे ग्रॅज्युएट!"

एका सकाळी एक शेतकरी उपरण्यात नमुन्याचा कापूस घेऊन आला. दाखवायला वाकला, तशी उपरण्याची गाठ सुटून कापूस हीटरच्या जाळीवर पडला आणि भडकला. उपरणंही पेटलं. शेतकरी दाराकडे पळणार, तोच साहेबांनी उपरणं हिसकलं, छातीशी दाबून विझवलं, जाळीवरचा कापूस हातांनीच चुरगाळला. एकही ठिणगी त्यांनी बाहेर जाऊ दिली नाही.

"सायेब, हात भाजले की वो!" शेतकरी म्हणाला.

"माल चांगला हाय तुमचा," एवढं म्हणून साहेब खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "हीटर चालूच ऱ्हाऊ दे बे."

मी बटण बंद केलं आणि वायर गुंडाळू लागलो. साहेबांनी भाजलेल्या हातांनीच शाल अंगावर ओढून घेतली.